ग्रंथालय उपकराचा हिशेब द्या
बंगळूरच्या कष्टकरी वस्त्यांत एकेका खोलीत पाच-सहा माणसे राहतात. तेथील तरुणाने स्पर्धापरीक्षेचे पुस्तक उघडायचे कुठे? वॉर्डातील सार्वजनिक वाचनालय हाच त्याचा आधार. या सेवेसाठी पैसा नाही, ही सबब खोटी आहे. कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, 1965 अन्वये मालमत्ताकरावर 6 टक्के ग्रंथालय उपकर वसूल होतो. घरमालक तो भरतो आणि भाड्यातून भाडेकरूकडून काढून घेतो. महापालिकेने मात्र वसूल केलेली ही रक्कम ग्रंथालय विभागाकडे पूर्णपणे न सोपविता वर्षानुवर्षे थकविली.

जाब विचारायचा कुणाला? 198 नगरसेवकांची मुदत सप्टेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढली पाच वर्षे निवडणुकीविना गेली. सप्टेंबर 2025 मध्ये एका महापालिकेच्या जागी पाच आल्या, पण त्यांचाही कारभार प्रशासकाच्याच हाती सुरू झाला. (मुंबईच्या कॉम्रेड्सना यात नवल वाटणार नाही, तेथे मार्च 2022 ते जानेवारी 2026 हेच चालले.) 74 व्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या दिल्या खऱ्या, परंतु नगरसेवकाविना तेथेही अधिकारीच अध्यक्ष झाला.

म्हणून उपकराच्या थकबाकीचा वॉर्डवार हिशेब जाहीर झाला पाहिजे, ती रक्कम वाचनालयांना मिळाली पाहिजे आणि वाचनालये रात्री दहापर्यंत उघडी राहिली पाहिजेत. पीण्या किंवा बोम्मनहळ्ळीच्या कपडे कारखान्यातून सुटलेल्या मुलीला कुलूप लागलेल्या दाराचा काय उपयोग?