'बोर्ड गेलाय' म्हणजे नक्की काय गेलंय?

फोन चार्ज होत नाही म्हणून काउंटरवर गेलात की दोनपैकी एक वाक्य ऐकू येतं. 'बोर्ड गेलाय.' किंवा, 'आता यात पैसे घालू नका, नवीन घ्या.' गंमत अशी की दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा फोन उघडायच्या आधीच बोलली जातात. डॉक्टरने नाडीही न बघता 'किडनी बदला' म्हटलं तर आपण उठून निघून येऊ. इथे मात्र मान डोलावतो आणि घरी येऊन ईएमआयचा हिशेब मांडतो. माझं भांडण त्या दोन वाक्यांशी आहे आणि त्या मान डोलावण्याशीही.

पेण आणि रोह्यात हे भांडण जरा जास्तच महत्त्वाचं आहे. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत आषाढ-श्रावण म्हणजे डोकं वर काढायला फुरसत नसलेले दिवस. ऑर्डर व्हॉट्सअॅपवर, मूर्तीचे फोटो व्हॉट्सअॅपवर, अॅडव्हान्स यूपीआयवर. नेमक्या त्याच दिवसांत हवा ओलीचिंब आणि कारखान्यात प्लॅस्टरची पूड. प्लॅस्टरला ओल मिळाली की ते घट्ट होतं, मूर्ती त्यावरच तर उभी असते. तीच पूड चार्जिंगच्या भोकात बसली तर काय होईल, हे पेणच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. खाडीकडच्या गावांत खारी हवा आहेच. रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करणाऱ्या पोराला ड्युटीचा मेसेज फोनवरच येणार. फोन बंद म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. त्याला 'नवीन घ्या' सांगणं सोपं आहे, कारण हप्ते सांगणाऱ्याला भरायचे नसतात.

आता 'चार्ज होत नाही' याचा अर्थ काय ते बघू. आधी केबल बदला, मग अॅडॉप्टर, मग सॉकेट, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तिन्ही एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळणारच नाही. फोन गरम असेल तर तो स्वतःच चार्जिंग थांबवतो. गार होऊ द्या. एकदा रीस्टार्ट करा. मग टॉर्च मारून पोर्टमध्ये बघा. केबल पूर्वीसारखी 'टक्' करून बसत नसेल, ढिली राहत असेल, तर आत खिशातला कापूस दाबून बसलेला असण्याची शक्यता दांडगी. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. टाचणी, सुई नको. टाइप-सी पोर्टच्या मधल्या पातळ जिभेवर २४ संपर्क असतात आणि धातूच्या टोकाने त्यातले दोन एकमेकांना भिडले तर नसलेला बिघाड तयार होतो. ओलाव्याची सूचना येत असेल तर केबल काढून फोन वाऱ्यावर ठेवा. तांदळाच्या डब्यात नको. तांदळाची भुकटी आत जाते आणि पाणी तिथेच राहतं.

अजून एक चाचणी आहे, फुकटची. टाइप-सी केबल उलटी करून लावा. एका बाजूने चार्ज होतो आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं झालं तर दोष बहुधा पोर्टमध्ये किंवा केबलच्या टोकात आहे. दुसऱ्या केबलनेही तेच घडलं तर पोर्टच. फोनला वायरलेस चार्जिंग असेल आणि त्यावर तो चार्ज होत असेल, तर बॅटरी आणि मुख्य बोर्डाचा मोठा भाग जिवंत आहे. मग 'बोर्ड गेलाय' हे वाक्य कुठून आलं?

ते आलं सोयीतून. कित्येक अँड्रॉइड फोनमध्ये चार्जिंगचा पोर्ट मुख्य बोर्डावर नसतोच. तो खाली एका छोट्या वेगळ्या बोर्डावर असतो आणि एका पट्टीने वर जोडलेला असतो. कारागीर ते छोटं बोर्ड बदलतो. गंज असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने साफ करतो. जॅकच मोडला असेल तर हीट गनने काढून नवा बसवतो. हे काम हात बसलेल्या माणसाचं आहे, आणि तो माणूस बाजारपेठेतल्या चार फुटांच्या गाळ्यात बसलेला असतो. कंपनीच्या केंद्रात मात्र अनेकदा सुटा भाग नाही तर अख्खं असेंब्ली बदलायची पद्धत असते. मग अंदाजपत्रक असं येतं की जुन्या फोनची किंमत त्यापुढे लाजते. याला दुरुस्ती म्हणायचं की दुरुस्तीच्या नावाखाली चाललेली विक्री?

कंपन्या म्हणतात, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. अर्धं खरं आहे. फुगलेल्या लिथियम बॅटरीला हात लावू नका, टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका. पण सुरक्षितता एवढी प्यारी असेल तर अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती गाळेवाल्याला का मिळू नये? ते अडवून धरायचं, त्याला डुप्लिकेट माल वापरायला लावायचं आणि मग 'लोकल' म्हणून नाक मुरडायचं, ही लबाडी आहे. मोटारींच्या बाबतीत ती आपल्याकडे पकडली गेली आहे. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजना मिळू न देण्यावरून स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कारकंपन्यांना दंड ठोठावला. खिशातल्या यंत्राला वेगळा न्याय कशासाठी?

सरकारी हालचाल झाली, नाही असं नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल काढलं. मोबाइल किती दुरुस्त करता येतो याचा निर्देशांक ठरवायला दुसरी समिती झाली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवालही आला. पण अहवाल म्हणजे कायदा नव्हे. फ्रान्समध्ये असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून दुकानात किमतीशेजारी दिसू लागला. युरोपीय संघात जून २०२५ पासून नव्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग पुरवणं बंधनकारक आहे. त्याच कंपन्या, तिथे जमतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडावर आलं, तेव्हा जिल्ह्याच्या मोठ्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. चार्ज असलेला फोन म्हणजे काय चीज आहे, हे त्या आठवड्यात सगळ्यांना कळलं. त्याला चैनीची वस्तू समजून 'बदला की' म्हणणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत.

गाळेवाले सगळे संत आहेत असंही नाही. चांगली बॅटरी काढून हलकी घालणारे आहेत, फोनमधले फोटो चाळणारेही आहेत. म्हणून आपणच थोडं चिकट व्हायला हवं. बॅकअप घेऊन जा. पासवर्ड देऊ नका. चार्जिंग तपासायला तो लागत नाही. मीटर लावून किती अँपिअर आत जातायत ते समोर दाखवायला सांगा. 'बोर्ड गेलाय' म्हणाला तर बोर्डावरचं नक्की काय, हे विचारा. चिडला तर दुसरा गाळा बघा. आणि काम झाल्यावर काढलेला भाग परत मागा, पिशवीत घालून देतात.