घरचा मामला

१ डिसेंबर १९०० चा शनिवार. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, इंडियानोला गावाबाहेरच्या एका शेतावर जॉन हॉसॅक नावाचा एकोणसाठ वर्षांचा शेतकरी रात्री नेहमीसारखा झोपला. शेजारी बायको, मार्गारेट. बाकीच्या खोल्यांत मुलं. मध्यरात्री कुणीतरी झोपेतच त्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचे दोन घाव घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

मार्गारेटनं सांगितलं, की लाकडावर लाकूड आपटल्यासारख्या आवाजानं आपण जाग्या झालो, दार बंद झाल्याचं ऐकलं. पण एकाच पलंगावर झोपलेल्या बाईला घाव बसताना कळलं नाही, हे कुणाला पटेना. कुऱ्हाड घरचीच होती आणि तिच्यावर रक्त होतं. घरच्यांचं म्हणणं, ते थँक्सगिव्हिंगच्या सणाला कापलेल्या टर्कीचं. नवऱ्याच्या अंत्यविधीनंतर शेरीफनं मार्गारेटला अटक केली.

हे घर रस्त्यावरचं नव्हतं. आयोवातली ही पिढी म्हणजे मोकळ्या माळावर नांगर घालून, शून्यातून शेतं उभी करणारी माणसं. नऊ मुलांचं खटलं. चार लोकांत मान. अशा घराचा उंबरा ओलांडून आत काय चाललंय, हे विचारायची रीत तिथंही नव्हती आणि आपल्याकडंही नाही.

मी ही हकिकत वाचली, ती निवृत्तीनंतर. वाटलं होतं, गूढकथा असेल. खून कुणी केला, एवढ्याच उत्सुकतेनं पानं उलटत होतो. पण अडकलो भलतीकडंच.

खटला उभा राहिला १९०१ च्या एप्रिलमध्ये. साक्षीला शेजारी आले आणि त्यांनी जे सांगितलं, त्यानं मी सुन्न झालो. त्या घरात वर्षानुवर्षं भांडणं होती. जॉनचा राग भयंकर होता. तो एखाद दिवशी आपला नाहीतर मुलांचा जीव घेईल, अशी भीती मार्गारेटनं शेजाऱ्यांकडं बोलून दाखवली होती. ती घर सोडूनही गेली होती. मग खुनाच्या सुमारे वर्षभर आधी शेजारीपाजारी बसले, दोघांची समजूत घातली आणि समेट झाला. मंडळी समाधानानं आपापल्या घरी गेली.

म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पण तिनं मदतीसाठी जे जे सांगितलं होतं, ते आता कोर्टात तिच्याच विरुद्ध उभं राहिलं. नवऱ्याला भीत होती? मग हेतू सिद्ध झाला. याच्यापासून सुटका झाली तर बरं, असं वैतागून म्हणाली होती? मग तर विचारायलाच नको. तिनं हाक मारली तेव्हा तो घरचा मामला होता. रक्त सांडल्यावर तोच सरकारी पुरावा झाला.

निवाडा करायला बसले होते बारा पुरुष. बायकांना तिथं ज्यूरीत बसायचा हक्क नव्हता. त्यांनी तिला दोषी ठरवलं, जन्मठेप झाली. वर्षभरानं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. पुरावा नीट घेतला गेला नव्हता. शिवाय मिटलेल्या भांडणांकडं ज्यूरीनं कसं पाहावं, हेही त्यांना नीट समजावलं गेलं नव्हतं. १९०३ मध्ये शेजारच्या मॅडिसन काउंटीत पुन्हा खटला चालला. या वेळी ज्यूरीचं एकमत झालं नाही. नऊ जण दोषी म्हणत होते, तिघं कबूल होईनात. मार्गारेट सुटली. खून कुणी केला, हे कधीच सिद्ध झालं नाही.

एका मरणाचं कोडं तिथंच संपलं असतं. पण पहिल्या खटल्याच्या बातम्या द्यायला एक चोवीस वर्षांची मुलगी हजर होती. सुसान ग्लास्पेल, ‘डे मॉइन डेली न्यूज’ची बातमीदार. सुरुवातीच्या बातम्यांत तिनंही इतरांसारखीच मार्गारेटला धिप्पाड, थंड काळजाची बाई म्हणून रंगवलं. मग ती त्या शेतावर गेली, त्या घराच्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तिची लेखणी बदलली. निकालानंतर लवकरच तिनं ती नोकरी सोडली. ते स्वयंपाकघर मात्र डोक्यातून गेलं नाही. १९१६ मध्ये त्यातून ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका झाली आणि पुढच्या वर्षी तिचीच कथा.

एकांकिकेत शेरीफ आणि सरकारी वकील घरभर पुरावा शोधतात. स्वयंपाकघराकडं बघून हसतात. इथं भांड्याकुंड्यांशिवाय काय असणार! आणि त्याच स्वयंपाकघरात बसलेल्या दोन बायकांना गोधडीचे विस्कटलेले टाके, पिंजऱ्याचं मोडकं दार आणि मान मुरगळलेला पक्षी दिसतो. त्यांना काय घडलं ते कळतं. पण त्यातल्या शेजारणीला जे बोचतं, ते वेगळंच. इतकी वर्षं हाकेच्या अंतरावर राहून आपण हिच्याकडं फारसं फिरकलो नाही, हे.

ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्याकडंही एक स्वयंपाकघर आहे, ज्यात मी कधी गेलो नाही.

१९८८ ची गोष्ट. मी एका खेड्यातल्या शाखेत अधिकारी होतो. दुधाच्या बिलाचे पैसे आमच्याकडं जमा व्हायचे, म्हशींची उस्तवार बायकांची आणि खातं पुरुषाच्या नावावर. एके दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, एक बाई काउंटरशी आली. पदर पुढं ओढलेला, मनगटावर काळानिळा डाग. हळू आवाजात म्हणाली, “साहेब, माझ्या नावावर खातं निघंल का? पर घरात कळाया नको.”

त्या काळी नवं खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागायची. मी नियम सांगितला. तिला विचारलं, “कुणाची ओळख आहे?” ती गप्प. मी म्हणालो, “बाई, मग मालकांनाच घेऊन या की. त्यांचं खातं आहेच.”

ती काही बोलली नाही. काउंटरच्या कडेवर बोट फिरवत थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. आमचा शिपाई त्याच गावचा. तो म्हणाला, “जाऊ द्या साहेब. लई भांडणं हायेत त्या घरात. भाऊबंदकी, मारामाऱ्या. आपण कशाला पडायचं?” मला ते पटलं. खरं सांगायचं तर, बरंच वाटलं.

दोन महिन्यांनी ती विहिरीत सापडली. पाणी काढताना पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. पंचनामा झाला, अकस्मात मृत्यूची नोंद झाली. ती आमच्याकडं येऊन गेली होती, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. तिचा पाय खरंच घसरला असेल. तसं नसेलही. नवरा दोषी होता, असं मी आज म्हणत नाही. मला तो अधिकार नाही. मला एवढंच कळतं, की तिनं एक दार ठोठावलं होतं आणि ते मी नियमावर बोट ठेवून बंद केलं. त्या शिपायाचं खातं आमच्याच शाखेत होतं. त्याची एक सही चालली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

कुणी म्हणेल, खातं निघालं असतं म्हणून ती वाचली असती का? कुणास ठाऊक. पण आपल्या बाजूनं कुणीतरी एक सही केली, एवढं तरी तिला कळलं असतं.

घरातल्या भांडणात बाहेरच्यानं पडू नये, ही शिकवण आपण शहाणपण म्हणून पुढच्या पिढीला देतो. तिच्यात थोडं तथ्यही आहे. नवरा-बायकोची रुसवाफुगवी चव्हाट्यावर आणू नये, हे खरंच. परंतु रुसवा आणि दहशत यांतला फरक शेजाऱ्याला कळत नाही, असं मी मानत नाही. भिंतीपलीकडून भांडी आपटल्याचा आवाज वेगळा आणि माणूस आपटल्याचा वेगळा. आपल्याला तो ओळखू येतो. म्हणून तर आपण टीव्हीचा आवाज वाढवतो.

आणि समेट! चार मोठी माणसं बसतात, “झालं गेलं विसरा” म्हणतात, चहा होतो. इंडियानोलाच्या शेजाऱ्यांनीही तेच केलं. समेट घडवणं वाईट नाही. पण समेटानंतर महिन्याभरानं त्या घरी कोण जाऊन आलं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. समेट करणाऱ्याची जबाबदारी चहाच्या कपाबरोबर संपते.

आज कायदा तरी शेजाऱ्याच्या बाजूचा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा सांगतो, की अशा छळाची माहिती कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो. नातेवाईकच असावं लागत नाही. आणि ती माहिती सद्भावनेनं दिली असेल, तर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. १८१ हा महिलांच्या मदतीचा क्रमांक आहे. बँकेतली ती ओळखीच्या सहीची अटही आता गेली. म्हणजे माझ्यापाशी होती ती सबब तुमच्यापाशी उरलेली नाही.

जॉन हॉसॅकचाही बळीच गेला, हे विसरू नये. संतापी माणसाला झोपेत कुऱ्हाडीनं मारणं हा न्याय नव्हे. शेजारी वर्षभर आधी नुसते समजूत घालून परतले नसते, तर कदाचित तोही वाचला असता. उंबऱ्याबाहेर थांबण्याची किंमत त्या घरातल्या प्रत्येकाला मोजावी लागते, मारणाऱ्यालासुद्धा.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भाषणं केली. एकानं म्हटलं, की साहेबांनी अडतीस वर्षांत एकही नियम मोडला नाही. टाळ्या झाल्या. मी हात जोडले. पण डोळ्यांसमोर होतं ते लाकडी काउंटर, आणि त्याच्या कडेवरून फिरणारं एक बोट.