सोयऱ्यांचे येणेजाणे

पुण्यात हल्ली नव्या सोसायट्यांच्या आवारभिंतींवर तुकोबांचा वृक्षवल्लींचा अभंग रंगवलेला दिसतो. अक्षर सुरेख असते, शेजारी एखादा मोरही असतो. आणि त्याच भिंतीच्या फाटकावर पाटी असते, बाहेरच्यांना प्रवेश नाही. अभंगाचा असा अर्थ कोणत्या फडावर सांगतात, हे मला उभा जन्म कीर्तनात घालवून कळलेले नाही.

तुकोबांनी झाडांना सोयरे म्हटले, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण सोयरा म्हणजे कोण? ज्याच्याकडे आपले येणेजाणे आहे तो. उंबरठा ओलांडायचा नाही, कार्याला बोलवायचे नाही, आणि तोंडाने सोयरा म्हणायचे, असली सोयरीक कोणत्याही गावात कोणी मानीत नाही. झाडांनाही तोच न्याय. खारीला या फांदीवरून त्या फांदीवर जाता आले पाहिजे, मधमाशीला एका फुलोऱ्यावरून दुसऱ्यावर, आणि म्हाताऱ्याला सावलीसावलीने देवळापर्यंत. ही वाट तुटली की मागे उरते ती कुंडी. मग ती एकरभर का असेना.

कारभारी सांगतात, शहरात दोनशेहून अधिक उद्याने आहेत. आनंद आहे. पण एका उद्यानातून निघून दुसऱ्यात पायी जाऊन दाखवा. मध्ये रस्ता, त्याला दुभाजक, पदपथावर गाड्या उभ्या, आणि पोहोचेपर्यंत तिथले फाटक दुपारचे बंद. माझे गुडघे सोडा, नातवाचा हात धरून तरुण माणूसही जाऊ धजत नाही.

आंबिल ओढ्याचे उदाहरण घ्या. कात्रजच्या डोंगरातून निघतो, पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल करीत मुठेला मिळतो. वर तलाव, कडेला तळजाईची टेकडी, शेवटी नदी. डोंगर आणि नदी यांची सोयरीक देवानेच जुळवून दिली होती, नवा आराखडा काढायचीही गरज नव्हती. आपण काय केले? काठ खाल्ले, पात्र आवळले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढा आपली जागा परत घ्यायला आला, आणि त्या पुरात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. त्यावर सुचलेला उपाय कोणता, तर भिंती! दोन्हीकडे भिंत घातलेला ओढा म्हणजे गटार. काठाला उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन ठेवावेत, मधून चालायची पाऊलवाट ठेवावी, चढलेल्या पाण्याला पसरायला जागा द्यावी. तलावापासून नदीपर्यंत लेकरू सावलीत चालत जाईल. यात अवघड काय आहे? त्या पट्ट्यावर मजले चढत नाहीत, एवढेच अवघड आहे.

घरे होऊ नयेत असे मी म्हणत नाही. माणसे वाढली, त्यांनी राहायचे कुठे? मेट्रोच्या स्थानकांभोवती उंच इमारती होणार, होऊ द्या. पण मजले चढले तशी मोकळी जागा का चढू नये? नियमाने सुमारे एकराच्या, म्हणजे 0.4 हेक्टरच्या वरच्या जागेत दहा टक्के जमीन मोकळी सोडावी लागते. त्याहून लहान प्लॉटला ती अट लागत नाही, आणि जुन्या वस्तीतले बहुतेक प्लॉट लहानच. जिथे लागते तिथे ती दहा टक्के कोपऱ्यात, भिंतीआड, बहुतेक हिरवळ आणि दोन ताडासारखी झाडे. कुठे कुठे तर पार्किंगच्या छतावर दोन हात माती टाकून बाग केलेली. त्या मातीत वड उभा राहील?

काल्याच्या कीर्तनाला उभे राहणाऱ्यांना मी वेगळे काय सांगू? गोपाळांनी आपापली शिदोरी आणली, देवाने ती एकत्र केली, मग वाटली. कोणी शिदोरीचे फडके बांधून झाडामागे जाऊन खाल्ले नाही. शेजारच्या चार सोसायट्यांनी आपापली दहा टक्के एकमेकींना लागून ठेवली, मधल्या भिंती काढल्या आणि तो पट्टा ओढ्याच्या काठाला जोडला, तर काला झाला. नाहीतर चार झाकलेले डबे.

चोर येतील, म्हणतात. चोर ओसाड भिंतीवरून येतो. दिवसभर माणसांची वर्दळ असलेल्या वाटेवर तो काय करणार? आणि बुवांनी नाम घ्यावे, नगररचनेत पडू नये, असेही काही जण म्हणतात. तुकोबा नामासाठीच भामचंद्राच्या डोंगरावर जात होते ना? आज ते सहकारनगरात राहते तर टेकडीवर कोणत्या वाटेने गेले असते, हे मला या मंडळींनी आधी सांगावे.

सध्या गल्लोगल्ली पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. सभासद कार्पेट एरिया विचारतात, पार्किंग किती मिळणार ते विचारतात, भाड्याची रक्कम विचारतात. माळकरीही त्या सभेत बसलेले असतात. नकाशा भिंतीवर लावला की उठून विचारा, आवारातली जुनी झाडे यात कुठे दाखवली आहेत, मोकळी जागा जमिनीवर आहे की छतावर, आणि ती शेजाऱ्याच्या मोकळ्या जागेला कुठे भिडते. सही त्यानंतर करा.