दुरुस्तीची भाषा मराठी व्हावी

भाषेचे बळ कोठे जोखावे, हा प्रश्न सीमाभागातील मराठी माणसाला नवा नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा तापीच्या या काठावरही आनंद झाला. तो आनंद रास्तच होता. परंतु गौरवाने भाषेचा मान वाढतो, वापर वाढतोच असे नाही. आमच्या मते भाषेची खरी परीक्षा वस्तू बिघडते तेव्हा होते. मोटर जळाली, ठिबकची नळी तुंबली, मागाचा धोटा अडकला, तर काय झाले हे आपण कोणत्या भाषेत सांगतो? या तिन्ही बाबतींत मराठी माणूस आजही मराठीतच बोलतो. पण लॅपटॉपचे वायफाय बंद पडले की तोच माणूस मुका होतो, नाहीतर तुटक्या इंग्रजीत बोलू लागतो. आजचा लेख या मुकेपणाविषयी आहे, आणि त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते लिनक्स चालणाऱ्या लॅपटॉपवर न जुळणाऱ्या वायफायचे.

लिनक्सच का, याचे उत्तर बुऱ्हाणपूरच्या स्थितीत आहे. १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. निमाड जिल्हा, आणि त्यासोबत बुऱ्हाणपूर, मध्य प्रदेशात राहिले. येथून निघालेली गाडी रावेर, सावदा करीत भुसावळला पोचते. पण शाळेची पाटी, कचेरीचा अर्ज आणि दुकानदाराने भरून दिलेला संगणक हे सारे अलीकडेच थांबते. संगणकात भाषा निवडायची वेळ येते तेव्हा आमच्या घरांत बहुधा हिंदी नाहीतर इंग्रजी निवडली जाते, कारण निवडणारा दुसरा असतो.

मुक्त प्रणालीत ही निवड आपल्या हाती येते. डेबियनसारखे वितरण बसवताना पहिल्याच पडद्यावर भाषांची यादी येते आणि तीत मराठी असते. आणखी एक बाब भाषाप्रेमींनी ध्यानात घ्यावी. लिनक्स मराठीला 'एमआर_आयएन' या संकेताने ओळखते. त्यातील पहिला भाग भाषेचा, दुसरा देशाचा. राज्याला त्यात जागाच नाही. रावेरच्या मराठीला आणि बुऱ्हाणपूरच्या मराठीला संगणकापाशी एकच पत्ता आहे. जी समानता आम्हाला कागदोपत्री मिळाली नाही ती येथे आयती मिळते. ती वापरायची की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.

आता बिघाडाकडे वळू. वायफाय बंद पडले की आपण म्हणतो, 'नेट चालत नाही.' हे वाक्य मराठी आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. कुंडी भंडारा सर्वांनी पाहिला आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारातून आणि शंभराहून अधिक कुंड्यांतून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. शहरात पाणी आले नाही तर 'पाणी नाही' एवढे म्हणून कोणाचे भागले नसते. पाणी कोणत्या कुंडीपर्यंत येते आणि कोणत्या कुंडीपासून येत नाही, हे पाहावे लागले असते. वायफायचेही तसेच आहे. एका वाक्याच्या जागी सहा वाक्ये बोलता आली पाहिजेत. (आज्ञा संगणकावर रोमी अक्षरांतच लिहाव्या लागतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

पहिले वाक्य : 'कार्ड दिसत नाही.' लॅपटॉपच्या आतले वायफायचे कार्ड प्रणालीला ठाऊक आहे का, हे 'एलएसपीसीआय' या आज्ञेने कळते. यूएसबीला जोडलेले असेल तर 'एलएसयूएसबी' वापरावे. यादीत नावच नसेल तर दोष यंत्राचा असू शकतो.

दुसरे : 'कार्ड दिसते, पण ते चालवणारे काही नाही.' लिनक्सवर हा बिघाड वारंवार आढळतो. कार्डाला ड्रायव्हर लागतो आणि बहुतेक कार्डांना निर्मात्याचे फर्मवेअरही लागते. ते मुक्त नसल्यामुळे काही वितरणे सोबत देत नसत. डेबियनने जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये समाविष्ट केले. 'डीमेसेज' ही आज्ञा दिली आणि उत्तरात फर्मवेअर सापडले नसल्याची ओळ दिसली, तर रोग कळला. पण नेट नसताना फर्मवेअर उतरवायचे कसे? मोबाइल केबलने जोडून त्याचे नेट लॅपटॉपला द्यावे. वायफाय नसले तरी हा मार्ग बहुधा खुला असतो.

तिसरे : 'कार्ड चालते, पण अडवलेले आहे.' 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा दोन प्रकारचे अडथळे वेगळे दाखवते. एक प्रणालीने घातलेला. तो 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' या आज्ञेने उठतो. दुसरा लॅपटॉपच्या बाजूच्या खटक्याने किंवा कळफलकावरील कळीने पडलेला. तो केवळ आज्ञेने उठत नाही, खटकाच फिरवावा लागतो.

चौथे : 'आमचे जाळे यादीत येत नाही.' शेजाऱ्यांची जाळी दिसतात आणि आपलेच दिसत नाही, तेव्हा वाहिनी पाहावी. राऊटर १२ व्या किंवा १३ व्या वाहिनीवर असेल आणि लॅपटॉपचा देशसंकेत अमेरिकेचा असेल, तर या वाहिन्या त्याच्यासाठी बंद असतात. देशसंकेत भारताचा करावा, अथवा राऊटर ११ किंवा त्याखालच्या वाहिनीवर आणावा.

पाचवे : 'जाळे दिसते, पण परवलीचा शब्द घेत नाही.' येथे मराठी वापरणाऱ्यासाठी एक खास खड्डा आहे. त्याकडे पुढे येऊ.

सहावे : 'जोडणी जुळते, पण पाने उघडत नाहीत.' येथे पाणी शेवटच्या कुंडीपर्यंत आले आहे. 'पिंग' आज्ञेने १.१.१.१ या पत्त्याकडून उत्तर येत असेल (अंक अर्थातच रोमी लिहावेत) आणि संकेतस्थळाच्या नावाने येत नसेल, तर बिघाड नावांचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेत, म्हणजे डीएनएसमध्ये आहे. जोडणी मध्येच तुटत असेल तर कार्डाची वीजबचत बंद करून पाहावी.

ही सहा वाक्ये ज्याला बोलता येतात तो तज्ज्ञ नसला तरी त्याला मदत करता येते, कारण मदत करणाऱ्याला कोठे पाहायचे हे कळते. म्हणूनच आम्ही याला भाषेचा प्रश्न म्हणतो.

आता त्या खड्ड्याविषयी. कळफलक मराठीवर असेल आणि परवलीचा शब्द टाकला, तर पडद्यावर ठिपकेच दिसतात. आत मात्र देवनागरी अक्षरे गेलेली असतात. '1' ऐवजी '१' गेलेला असतो. वायफायच्या प्रचलित नियमानुसार परवलीचा शब्द ८ ते ६३ रोमी अक्षरे, अंक व चिन्हे यांचाच असतो. त्यामुळे जोडणी नाकारली जाते आणि घरात निष्कर्ष निघतो की 'मराठी ठेवले म्हणून बिघडले'. उपाय साधा आहे : शब्द दाखवण्याची सोय चालू करावी आणि कळफलक तेवढ्यापुरता इंग्रजीवर न्यावा. एवढ्यासाठी अख्खी प्रणाली इंग्रजीत नेण्याचे कारण नाही.

जाळ्याचे नाव मात्र देवनागरीत ठेवता येते. त्याला ३२ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. 'बुऱ्हाणपूर' हे नाव काना, उकार, हलन्त धरून दहा चिन्हांचे, म्हणजे ३० बाइटांचे. ते बरोबर मावते. पण त्यातला अर्धा 'ऱ' दोन प्रकारे लिहिला जातो : एकदा 'ऱ' आणि हलन्ताने, तर एकदा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. दुसऱ्या प्रकारात चिन्हे अकरा आणि बाइट ३३ होतात. नाव मावत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. मराठीच्या या एका अक्षराची नड मराठी माणसाने सांगितली नाही तर कोण सांगणार?

राहिला शब्दांचा वाद. ड्रायव्हरला 'चालक' म्हणावे काय? भाषांतरित प्रणालींत असे शब्द येतात आणि वाचणारा थबकतो. शिवरायांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश रचला गेला, त्याचे मोल मोठे आहे. तरीही अर्ज, हजर, जमीन, कागद हे शब्द मराठीत राहिले आणि मराठी त्यांमुळे खचली नाही. 'तक्रार' आणि 'दुरुस्ती' हे शब्दही आपण बाहेरूनच घेतले आहेत. तेव्हा राऊटर, ड्रायव्हर, फर्मवेअर खुशाल राहू द्यावेत. नामे उसनी चालतील. क्रियापदे आपली हवीत. कार्ड दिसते, जाळे जुळते, जोडणी तुटते, खटका अडवतो, हे सांगायला मराठीला काहीच कमी नाही. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषा घडवीत आले आहे. ते काम आवश्यकच आहे, पण कोशातून संज्ञा मिळते, बिघाडाचे वाक्य मिळत नाही. ते वापरणाऱ्यांनीच घडवावे लागते.

यावर एक रास्त आक्षेप आहे : संगणकाचा दोषसंदेश मराठीत आला तर त्यावरचा उपाय शोधायचा कोठे, कारण उपाय तर इंग्रजीत लिहिलेले असतात. याला तोड आहे. आज्ञेच्या आधी 'एलसी_ऑल=सी' असे रोमी अक्षरांत जोडले की तेवढ्यापुरता संदेश इंग्रजीत येतो आणि बाकी प्रणाली मराठीतच राहते. पण ही तात्पुरती सोय झाली. आमचे मागणे त्यापुढचे आहे. ज्याचे वायफाय आज दुरुस्त झाले त्याने तो उपाय मराठीत लिहून ठेवावा : लॅपटॉपचे मॉडेल, कार्डाचे नाव, मूळ इंग्रजी संदेश आणि खाली मराठीत कारण व उपाय. मूळ संदेश सोबत असला की शोधणाऱ्याला मराठी उत्तर सापडेल. सीमेपलीकडच्या ज्या बांधवांना प्रणालीच्या भाषांतरात हात घालता येतो त्यांनी आधी दोषसंदेश हाती घ्यावेत; 'स्वागत आहे' हे वाक्य उशिरा मराठीत आले तरी चालेल.

संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्कासाठी आम्ही कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि पुढेही झिजवू. संगणकाला मात्र अर्ज करावा लागत नाही. मुक्त प्रणालीत भाषेची दुरुस्ती करण्याचा अधिकार वापरणाऱ्यालाच असतो. बुऱ्हाणपूरच्या मुलाने बिघाड मराठीत सांगावा, भुसावळच्या मुलाने त्याला मराठीत उत्तर द्यावे. यासाठी कोणत्याही राज्याच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.