शिखर उरले, देवी हरपली

सिसिली बेटावरील एरिचे हे सुमारे ७५० मीटर उंचीवरील प्राचीन नगर. तेथील दगडी गल्ल्यांतून मार्गदर्शक पर्यटकांना कड्यावरील दुर्गापाशी नेतो. फिनिशियनांनी अस्टार्टे, ग्रीकांनी अफ्रोडाइटी, तर रोमनांनी व्हीनस या नावाने येथेच देवीची उपासना केली. इ. स. पूर्व २१७ मध्ये हॅनिबलने पराभूत केलेल्या रोमने याच देवीला साकडे घातले आणि राजधानीत तिचे मंदिर उभारले. पुढे उपासना खंडित झाली; १२व्या शतकात नॉर्मनांनी मंदिरस्थानी किल्ला बांधला. आज तेथे माहिती मिळते, नैवेद्य मात्र नाही.

सप्तशृंगगड चढणाऱ्या भाविकाला देवीची ओळख करून द्यावी लागत नाही. ती त्याला घरातच झालेली असते. दगडांचे जतन शासन करील. श्रद्धेची परंपरा पुढच्या पिढीकडे सोपविण्याचे दायित्व मात्र प्रत्येक कुटुंबाचेच आहे.