रंगाचा बेरंग कोण करतो?

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपण शाळेत पाठ केली. पण ती आपल्यालाच लागू पडेल असे सहसा कोणाला वाटत नाही. मलाही वाटले नव्हते.

गेल्या वर्षी एका स्मरणिकेचे मुखपृष्ठ संगणकावर करण्याचे काम माझ्याकडे आले. चित्र चाँदबिबीच्या महालाचे. म्हणजे वस्तुतः शाह डोंगरावरील सलाबतखानाच्या कबरीचे. रात्री जागून मी ते सजवले. माझ्या पडद्यावर पाषाण पिवळट दिसत होता, म्हणून त्यात निळा रंग वाढवला. मागचे आकाश तर झगझगीत निळे केले. छापून आले तेव्हा पाषाण निळसर, आणि आकाश मळक्या जांभळ्या रंगाचे! मी तावातावाने छापखान्यात गेले आणि मालकांना नाही नाही ते बोलले.

ते वयाने मोठे. म्हणाले, "पोरी, आधी बस." त्यांनी माझीच फाईल उघडून दाखवली. तेथेही पाषाण निळसरच होता. मग विचारले, "रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळा करायची सोय चालू होती का?" होती! पिवळेपणा पडद्याचा होता आणि मी औषध चित्राला पाजले होते.

आकाशाचे कारण निराळे. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. प्रत्येकाच्या 256 पायऱ्या धरल्या, तर 1 कोटी 67 लाखांहून अधिक छटा होतात. कागदावर मात्र सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शाया असतात. त्या प्रकाश देत नाहीत, कागदावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषून घेतात. त्यामुळे पडद्यावरचा तो झळाळता निळा शाईत उतरतच नाही. मशीन कितीही चांगले असो. चित्र सुधारण्याच्या बहुतेक प्रणालींत छपाईचा अंदाज आधी दाखवण्याची सोय असते. मी ती कधी उघडूनही पाहिली नव्हती.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की रंग बिघडला तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. जी वस्तू करडी आहे हे आपल्याला ठाऊक आहे, तिच्यावर रंग मोजणारी पिचकारी ठेवावी. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे असूनही ती रंगीत दिसत असेल, तर दोष पडद्याचा. पडद्याची रात्रीची सोय बंद करावी. फाईलला रंगांची ओळखपत्रिका, म्हणजे 'प्रोफाइल', जोडली आहे ना ते पाहावे. ती नसली तर प्रत्येक यंत्र आपापला अर्थ लावते. 'एसआरजीबी' हे प्रमाण 1996 मध्ये पुढे आले ते याच घोटाळ्यावर उपाय म्हणून. आणि सर्व प्रती छापण्याआधी एक प्रूफ कागदावर, दिवसाच्या उजेडात पाहावे.

कोणी म्हणेल, एका मुखपृष्ठासाठी एवढा खटाटोप कशाला? मित्रहो, प्रश्न मुखपृष्ठापुरता नाही. आपल्या नगरच्या निजामशाहीत, सोळाव्या शतकात, 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे सचित्र हस्तलिखित तयार झाले. आज ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे आणि त्यातील बारा चित्रे शिल्लक आहेत. कित्येक चित्रांतील राणी खुंजा हुमायूनची आकृती पूर्वीच कोणीतरी पुसून टाकलेली आहे. मूळ पोथी आपल्यापैकी किती जणांना पाहावयास मिळणार? आपण पाहणार ती छायाचित्रेच. त्यांतला रंग कोणी माझ्यासारखा रात्री पिवळ्या पडद्यावर 'दुरुस्त' केला, तर पुढचा विद्यार्थी त्या खोट्या रंगावरच निजामशाही चित्रकलेबद्दल प्रबंध लिहील. राणी एकदा पुसली गेली. आता उरलेले रंगही आपण अजाणतेपणी पुसावेत काय?

कला शाखेत आपण चित्राचा आस्वाद शिकतो, पण ज्या काचेतून ते चित्र पाहतो ती काच तपासावयास शिकत नाही. ते शिकवले गेलेच पाहिजे; एका तासाचे काम आहे.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात जाऊन मालकांची क्षमा मागितली. ते हसले, चहा मागवला, आणि म्हणाले, "पुढच्या वेळी प्रूफ बघायला दिवसा ये." यंदा मी दुपारी बारा वाजता गेले होते.