मुठीमुठीचे भांडवल

कळंबच्या चिंतामणीच्या पायऱ्या उतरणारा शेतकरी, घरात कितीही ओढाताण असो, देवापुढे नाणे ठेवल्यावाचून परतत नाही. पेरणी तोंडावर आली की मात्र हाच माणूस सावकाराच्या ओट्यावर बसलेला दिसतो. आपल्याकडे देण्याची वृत्ती आहे; अडल्या वेळी ती एकमेकांच्या कामी का येत नाही? या प्रश्नाचा विचार करताना ख्रिस्ती मंडळींच्या देण्याच्या रीतीकडे पाहावेसे वाटते.

ख्रिस्ती समाज आपल्या यवतमाळ जिल्ह्याला परका नाही. उमरीचे मिशन हॉस्पिटल सर्वांच्या परिचयाचे आहे. मराठी मंडळींत उत्पन्नाचा दशमांश देण्याची शिकवण आहे आणि कापणीचा सणही आहे. या सणाला कोणी धान्य आणतो, कोणी भाजी, कोणी कोंबडी. त्याचा लिलाव होतो आणि रक्कम मंडळीच्या कामी लागते. ज्याच्या गाठीला पैसा नाही, तोही येथे देणारा ठरतो. दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे दान येशूने श्रीमंतांच्या दानाहून मोठे मानले, ते याच अर्थाने.

मिझोराममध्ये 1910 पासून चर्चच्या स्त्रिया स्वयंपाकापूर्वी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. घरोघरचा हा तांदूळ गोळा करून विकतात. त्या मुठींतून आज कोट्यवधी रुपये उभे राहतात. गरीब घरातली मूठही त्यात असते, म्हणून त्या निधीपुढे कोणी लाचार नसतो.

वसईने याच्याही पुढचे पाऊल टाकले. 1918 साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने तेथील कॅथॉलिकांनी पतपेढी काढली. तिचीच पुढे बसीन कॅथॉलिक बँक झाली आणि ती आजही चालू आहे. दान एकदा दिले की संपते. पेढीतला रुपया फिरून परत येतो व दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. बँकेच्या नोकरीत जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला हा फरक फार मोलाचा वाटतो. तारण नसलेल्या माणसाची पत कागदावर दिसत नाही. ती शेजाऱ्यांना मात्र पक्की ठाऊक असते.

सरकारने काही केले नाही असे नव्हे. 2006 मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज आले, 2008 मध्ये देशभर कर्जमाफी झाली, 2017 व 2019 मध्ये राज्याने ती दिली. पण कर्जमाफी मागच्या कर्जाची असते. मृगाच्या तोंडावर बियाण्याला लागणारे चार पैसे ती पुरवत नाही.

या रीतीलाही धोके आहेत. दशमांशाची सक्ती झाली, तर गरिबाला तो आणखी एक कर होतो. हिशेब चारचौघांत वाचला गेला नाही, तर निधी दोन-चार जणांच्या मुठीत जातो. आणि मदत करताना आधी धर्म विचारला, तर बंधुभाव कुंपणाआडच राहतो.

या गोष्टी सांभाळल्या, तर ही रीत कोणत्याही गावाला जमण्यासारखी आहे. माणशी पैसा गोळा करून महाराष्ट्राने पैसा फंड उभारला आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काच कारखाना काढला, हे विसरू नये. कळंब तालुक्यातल्या एखाद्या गावाने सुगीच्या दिवसांत घरटी पायलीभर धान्य बाजूला काढले, तर सगळे कर्ज फिटणार नाही. पण पुढच्या पेरणीला निदान एका घराची तरी सावकाराकडची खेप वाचेल. सुरुवातीला तेवढे पुरे आहे.